गोटीचं छोटं कोर्ट

१४ जून

प्रिय दादा,

रविवारचा फोन बंद कर असं मी म्हणत नाही. पण तू फोनवर विचारतोस, "जेवलीस का? खेळलीस का?" आणि गोटी मान हलवते. हललेली मान तुला ऐकू येत नाही. मग तू पुन्हा विचारतोस, तुझा आवाज चढतो, आणि ती टेबलाखाली जाऊन बसते. म्हणून हे पत्र. मोबाइलवर दोन ओळींच्या वर माझी बोटं चालत नाहीत, तुला माहीत आहे.

तुझी लेक बरी आहे. वहिनी गेल्यानंतर तिचं जे बोलणं थांबलं होतं ते पूर्ण सुरू झालेलं नाही, पण थोडं झालंय. एप्रिलमध्ये तू तिला माझ्याकडे सोडून गेलास, तेव्हापासून रोज सकाळी सहाला मी तिला माझ्याबरोबर टेनिस शिकवायला क्लबवर घेऊन जाते. घरी ठेवणार कुणाजवळ? पहिले कितीतरी दिवस ती सामानाच्या कपाटामागे बसून राहिली. मी बोलावलं नाही. माझ्या लाल चेंडूच्या तुकडीत अशी पोरं येतात, त्यांना बोलावलं की ती आणखी आत जातात.

लाल चेंडूची तुकडी म्हणजे माझी सगळ्यात लहान मुलं, पाच ते आठ वर्षांची. एका मोठ्या कोर्टाच्या रुंदीत मी चार छोटी कोर्टं आडवी आखते. जाळी माझ्या मांडीपर्यंत येते. चेंडू मऊ, जरा मोठा, आणि पोराच्या कमरेच्या वर उडत नाही. आधी घरंगळवायचा, मग झेलायचा, मग मारायचा.

मागच्या सोमवारी एक चेंडू कपाटापाशी गेला. गोटीनं तो पायानं परत ढकलला. मंगळवारी हातानं ढकलला. बुधवारी ती कपाटाच्या पुढे येऊन बसली. आता ती एका मुलीबरोबर खेळते. त्या मुलीचा आवाज असा आहे की सगळे तिला भोंगा म्हणतात. दोघींची गट्टी जमली आहे. भोंगा दोघींच्या वाटणीचं बोलते.

माझी टाच फार दुखते. सकाळची तुकडी, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लब. पायाखाली सिमेंटच आहे दिवसभर. बाकी ठीक.

तुझी,
बहीण


३ जुलै

प्रिय मास्तरीणबाई,

तुझं पत्र मी क्रेनच्या केबिनमध्ये वाचलं. वर चढलं की बारा तास खाली उतरणं होत नाही, तेव्हा डब्याबरोबर पत्रही नेलं. खालून माणसं मुंग्यांसारखी दिसतात आणि मी एकेक पेटारा उचलून जहाजावर ठेवत असतो. वाऱ्यानं केबिन हलते, त्यात तुझं अक्षर. दोनदा वाचावं लागलं.

पोर उठून खेळायला लागली हे वाचून बरं वाटलं. खरंच. पण एक सांगू का? घरंगळवणं, झेलणं हे सगळं अंगणातले खेळ झाले. बाबांनी मला सहाव्या वर्षी मोठ्या कोर्टावर उभं केलं होतं. जाळीपलीकडचं मला दिसायचंसुद्धा नाही, तरी मी मारायचो. तू तेव्हा चेंडू गोळा करायचीस, आठवतं ना?

तिच्यासाठी एक रॅकेट पाठवतोय. चांगल्या प्रतीची आहे. आत्ता थोडी मोठी वाटेल, पण पोरं काय, बघता बघता वाढतात. डिसेंबरात मला सुट्टी आहे. मी आलो की मोठ्या कोर्टावर, खऱ्या पिवळ्या चेंडूनं बाप-लेक खेळू. तोवर तिला तेवढी तयार कर. तुझ्याकडे दुसरं काही मागत नाही.

टाचेला गरम पाण्यानं शेक घेत जा.

तुझा,
दादा


२० ऑगस्ट

प्रिय दादा,

रॅकेट पोचली. कपाटावर ठेवली आहे. रागावू नकोस. गोटी तिच्या शेजारी उभी राहिली तर रॅकेट तिच्या छातीपर्यंत येते. ती उचलायला तिला दोन हात लागतात, मग फिरवणार कशानं?

तू बाबांचं लिहिलंस म्हणून लिहिते. तू मारायचास हे खरं. सगळे बघत उभे राहायचे. पण पिवळा चेंडू तुझ्या डोक्यावरून उडायचा आणि तू खांदा वर ओढून मारायचास. सोळाव्या वर्षी तो खांदा गेला. आजही तू केस डाव्या हातानं विंचरतोस. बाबांचा दोष नव्हता. तेव्हा कुणाला हे माहीतच नव्हतं. आता माहीत आहे म्हणून आम्ही तसं करत नाही, इतकंच. लाल चेंडूनंतर नारिंगी येतो, कोर्ट जरा लांब होतं. मग हिरवा, तेव्हा पूर्ण कोर्ट. पिवळा त्यानंतर. गोटीला अजून सात पूर्ण व्हायची आहेत.

आणि तिचं काय अडलंय? काल तिनं आणि भोंगानं चेंडू नऊ वेळा जाळीपार केला. दहाव्या वेळी भोंगा इतकी ओरडली की गोटी दचकली आणि हुकली. मग गोटी म्हणाली, "तू तोंडानं नको ना खेळूस!" अख्खं वाक्य, दादा. मी तिकडे पाठ केली आणि कोर्ट आखायचे शंकू गोळा करायला लागले, कारण मला हसूही येत होतं आणि दुसरंही काही येत होतं.

मोठ्या मुलांना शिकवणारे सर म्हणतात, "तुमचं बरं आहे, तुम्ही पोरं सांभाळता." मी पूर्वी उत्तर द्यायचे. आता देत नाही. दिवसाला पन्नास वेळा पोरांच्या बुटांची नाडी बांधायला वाकते, उत्तर द्यायला कुठे उठू?

अजून एक सांगायचं होतं. राहू दे, पुढच्या वेळी.

तुझी,
बहीण


२८ सप्टेंबर

प्रिय मास्तरीणबाई,

अजून लालच? तू तिला तळहातावरच्या फोडासारखी जपते आहेस. जप, पण किती? आमच्या इथल्या एका फोरमनची मुलगी सहाचीच आहे. परवा कंपनीच्या मैदानावर मोठ्या कोर्टावर खेळताना पाहिली. इथे एक कोच येतो, चांगला कडक आहे. पोरं त्याच्यासमोर इकडची तिकडे होत नाहीत.

बातमी अशी की मला क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, शाळा समोरच. इतके दिवस एकट्या पुरुषांच्या खोलीत होतो, तिथे पोरीला आणणं शक्यच नव्हतं. आता आहे. डिसेंबरात आलो की तिला घेऊनच येईन. तिचे कपडे काढून ठेव, शाळेत सांगून दाखल्याचं काय ते बघ. पाहिजे तर तिला आधी सांगू नकोस, मी येऊन सांगेन.

तुझे उपकार मी विसरणार नाही. तूही आता जरा मोकळी होशील.

तुझा,
दादा


१९ ऑक्टोबर

दादा,

गोटी मोठ्या मुलांत गेली. नारिंगी चेंडू, लांब कोर्ट. तू पाठवलेली रॅकेटही कपाटावरून काढली. तुला हवं होतं तेच झालं.

आता तिला तिथल्या कोचकडे नेण्याची घाई नाही ना? इथे सगळं होईल. पिवळा चेंडूही होईल. फक्त शाळेचं वर्ष मधेच मोडू नकोस.

कामाची गडबड आहे. बाकी पुढच्या पत्रात.

बहीण


५ नोव्हेंबर

प्रिय मास्तरीणबाई,

वाचून इतका आनंद झाला की केबिनमधून खालच्या माणसाला ओरडून सांगितलं. त्याला काही ऐकू गेलं नाही, त्यानं हात हलवला.

पण तू घाबरून लिहिल्यासारखं वाटलं. कोचचं कारण नाही गं. मी पोरीला टेनिससाठी आणत नाहीये. गेले चार महिने एक गोष्ट लिहायची म्हणून बसतो आणि टेनिसबद्दल लिहून पाकीट बंद करतो. ते लिहिणं सोपं आहे.

इथल्या दवाखान्यात एक नर्स आहेत. मार्चमध्ये माझ्या खांद्याचं दुखणं पुन्हा वाढलं होतं, तेव्हा ओळख झाली. शांत आहेत. माझ्याएवढ्याच दमलेल्या आहेत, असं म्हणालो तर त्यांना आवडणार नाही, पण तसंच आहे. ऑगस्टमध्ये आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. तुला आधी सांगायला हवं होतं. तुझी वहिनी जाऊन पुरती दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती, तोंड उघडवेना.

गोटीला त्यांच्याबद्दल काही माहीत नाही. त्यांनी तिचा फोटो पाहिला आहे. घरात एक खाट लावून ठेवली आहे. आता मला माझी मुलगी माझ्या घरात हवी. एवढंच आहे बघ.

रागावलीस तर रागव, पण लिही.

तुझा,
दादा


२३ नोव्हेंबर

प्रिय दादा,

रागावले नाही. आता सगळं लिहिते, कारण तूही लिहिलंस.

तुझं सप्टेंबरचं पत्र मी चुकीचं वाचलं. मला वाटलं, तू तिला टेनिससाठी नेतो आहेस. पोर मोठ्या कोर्टावर गेली की तुझं समाधान होईल आणि ती इथेच राहील. म्हणून मी तिला नारिंगी तुकडीत टाकली. आठ-नऊ वर्षांची मुलं ती, दोन वर्षं खेळलेली. आणि हातात तुझी रॅकेट दिली, म्हणजे तुला तसा फोटो पाठवता येईल. तिच्या जागी दुसऱ्या कुणाचं मूल असतं आणि बाप असं करायला आला असता, तर मी त्याला फाटकातूनच परत पाठवलं असतं.

दोन दिवस ती नुसती पळत राहिली. चेंडू तिच्यापर्यंत यायचा तेव्हा तो तिच्या कानाजवळ असायचा. तिसऱ्या दिवशी तिनं दोन्ही हातांनी रॅकेट डोक्यावर नेली आणि मारलं. रॅकेट फिरली, मनगट मुरगळलं. तुला ते पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. डॉक्टरांनी पाहिलं, हाड शाबूत आहे, नुसती सूज होती. पट्टी बांधली होती, आता निघाली. हात नीट चालतो, तिनं काल स्वतः वेणीला रबर लावलं.

ती रडली नाही. पट्टी बांधून घेताना मला विचारलं, "मी चुकीचं मारलं का?" मी म्हटलं, "नाही, मी चुकीचं शिकवलं." ती म्हणाली, "मग तू रड ना." डॉक्टर हसले. मी खरंच रडले.

त्यानंतर ती कोर्टावर येते, पण खेळत नाही. भोंगा रोज येऊन तिला हाका मारते. ती जागची हलत नाही.

आता दुसरं. ऑगस्टमध्ये जे लिहायचं राहिलं ते. शाळेच्या फाटकाशी शिपाईमामांनी तिला विचारलं, "न्यायला कोण आलंय?" ती म्हणाली, "आई." माझ्याकडे बोट करून. मी रोज वीस पोरांची मनगटं सरळ करते, पण हे मी सरळ केलं नाही. घरी येईपर्यंत वाट बघितली, घरी आल्यावरही केलं नाही. तेव्हापासून ती तशीच हाक मारते आणि मी ओ देते. तुला न सांगण्यात माझा काय हिशेब होता ते तू ओळखलं असशील.

तुझी मुलगी तुझी आहे. तू ने. पण डिसेंबरात येऊन, हाताला धरून, गाडीत बसवून नेऊ नकोस. तिची एक आई गेली. आता दुसरी जाणार, आणि त्या दिवशी एक अनोळखी बाई तिच्यासमोर तिसरी म्हणून उभी राहणार. मोठं माणूससुद्धा कोलमडेल. तू ये, त्यांनाही आण. दहा दिवस राहा. काही मागू नका तिच्याकडे. मग सुट्टीत ती थोडे दिवस तुमच्याकडे येईल. मग शाळा संपली की कायमची. मी स्वतः आणून सोडेन.

माझ्यावर विश्वास ठेव असं सांगायची माझी आता लायकी नाही. तरी सांगते.

तुझी,
बहीण


४ डिसेंबर

ताई,

नमस्कार. आपण भेटलो नाही, पण मी कोण ते तुम्हाला कळलं आहे. तुमचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. आधी स्वतः वाचलं, मग जेवलेच नाहीत. "पोरीचा हात मोडला असता" म्हणाले, तुमच्यावर चिडले, मग रॅकेट आपणच पाठवली होती हे आठवून स्वतःवर. काल म्हणत होते, "काही नाही, जायचं आणि घेऊन यायचं, पोरं विसरतात." मी म्हटलं, मी बारा वर्षं मुलांच्या वॉर्डात काम केलं आहे, पोरं काही विसरत नाहीत, फक्त बोलत नाहीत. त्यावर आमचं थोडं वाजलं. पण तिकिटं परतीची दोनच काढली आहेत.

मला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही. मुलांना इंजेक्शन देताना काय बोलायचं ते येतं, पण ते इथे चालणार नाही. तुमच्याकडे येऊ ना मी? तुम्हाला जड जाणार नाही ना? तिच्याशी काय बोलू? भेट काय आणू?

तुम्ही लहान मुलांना शिकवता, म्हणून विचारते. वहिनी म्हणून नाही विचारत, तो हक्क अजून नाही.

त्यांची पत्नी


११ डिसेंबर

वहिनी,

हक्काचं राहू द्या, मीच म्हणायला सुरुवात करते.

या. जड जाईल, पण या. भेट काही आणू नका. पहिले दोन दिवस तिच्याशी बोलू नका. क्लबवर या आणि बाकावर बसा. ती बघते. तुम्हाला वाटेल बघत नाही, पण बघते. दादाला सांगा, विचारायचं काहीच नाही. कशी आहेस, ओळखलंस का, बाबांना पापा दे, काही नाही. त्याला जमणार नाही. तुम्ही त्याच्या शेजारी बसून त्याचा हात दाबा.

माझ्या खोलीत दोन गाद्या पसरून होतील. सकाळी साडेपाचला दिवे लागतात, त्याची सवय ठेवा.

तिची आत्या


२० जानेवारी

प्रिय मास्तरीणबाई,

तू सगळं पाहिलंच आहेस, तरी लिहितो.

पहिल्या दिवशी तिनं तुझ्या मागून माझ्याकडे पाहिलं आणि तुझा कुडता मुठीत धरला, तेव्हा मला वाटलं, उठावं आणि परत जावं. दुसऱ्या दिवशी वाटलं, तिला उचलावं आणि स्टेशन गाठावं. दोन्ही वेळा तुझ्या वहिनीनं माझा हात दाबला. हाताला वळ उठले, नर्सांच्या हातात ताकद असते.

मग नुसता बसून राहिलो आणि तुझं काम पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. एक पोरगा रॅकेट आपटत होता, तू त्याला काही म्हटलं नाहीस, त्याच्या हातात दोन चेंडू दिलेस आणि त्याची आपटाआपट बंद. कसं केलंस ते मला अजून कळलेलं नाही. दोन तुकड्यांच्या मधे तू उलट्या बादलीवर बसून टाच चोळतेस आणि पुढची पोरं दिसली की चेहरा बदलून उठतेस, तेही पाहिलं. कधी लिहिलं नाहीस इतकं दुखतं म्हणून. लिहिलं असशील, मी वाचलं नसेन.

चौथ्या दिवशी त्या भोंग्यानं मला उठवलं. "काका, नुसते काय बसलाय? चेंडू गोळा करा!" अख्ख्या क्लबनं ऐकलं. गोळा करायला लागलो. तुझ्या वहिनीनंही पदर खोचला. गोटी बघत होती. सहाव्या दिवशी सगळी पोरं गेली होती, मी एक छोटी रॅकेट उचलून उगाच चेंडूचे टप्पे मारत होतो, तेव्हा मागून आवाज आला, "असं नाही धरत." मी वळलो नाही. तू सांगितलं होतंस, म्हणून वळलो नाही. तिनं येऊन माझी बोटं सोडवली आणि पुन्हा लावली. तिची बोटं गार होती.

मग आम्ही खेळलो. तुझ्या त्या छोट्या कोर्टावर, लाल चेंडूनं. तू लांबून शंकू मोजल्याचं नाटक करत होतीस, कळत होतं मला. खांदा वर न्यावा लागत नाही गं त्या चेंडूला. मी सोळाव्या वर्षानंतर पहिल्यांदा न दुखता खेळलो. तिनं मला हरवलं, मुद्दाम हरलो नाही.

गाडीत मी काही वेळ चिडलो होतो, तेही सांगतो. ती तुला "आई" म्हणाली आणि मला दहा दिवसांत काहीच म्हणाली नाही. तुझी वहिनी म्हणाली, "मला पण नाही म्हणाली. पण शेवटच्या दिवशी माझ्याकडून वेणी घालून घेतली." ती त्या वेणीवर अख्खा प्रवास खूश होती.

तू म्हणतेस तसं करू. एप्रिलमध्ये सुट्टीला पाठव. मग बघू.

तुझा,
दादा


१८ जून

प्रिय मास्तरीणबाई,

तू तिला सोडून गेलीस त्याला आता तीन आठवडे झाले. एप्रिलची सुट्टी चांगली गेली होती, म्हणून मला वाटलं होतं, आता काही अडचण येणार नाही. दिवसा येतही नाही. शाळेत जाते, शेजारच्या पोरांशी भांडते, जेवते. तुझ्या वहिनीला ती "नर्सबाई" म्हणते आणि वहिनीला ते चालतं. मला परवा "बाबा, तुमच्या मोज्याला भोक आहे" म्हणाली. "बाबा" म्हणाली. मोज्याचं मी काही केलं नाही अजून, तसाच ठेवलाय.

पण संध्याकाळी शाळेतून आली की दाराशी जाऊन उभी राहते. "आई कधी येणार?" म्हणजे तू. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो. काल खूप रडली. तुझी वहिनी म्हणाली, "ताईंना आठवडाभर बोलावून घ्या, पोरीला बरं वाटेल." मलाही तसंच वाटतं. रजा काढ आणि ये. तुझी खाट लावतो.

दादा


२ जुलै

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पिशवी भरली होती. खरं सांगते. कपडे घातले, चेन लावली. मग पलंगावर पिशवीशेजारी बसून राहिले.

मी आत्ता येणार नाही.

आले तर ती मला मिठी मारेल, आठवडाभर सोडणार नाही, आणि मग मी पुन्हा निघेन. तिला तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. तुम्हा दोघांनाही. इथे पालक मला विचारतात, "मॅडम, तुमच्याशिवाय खेळतच नाही हो आमचं मूल, तुम्ही त्याच्याजवळच उभ्या राहा ना." मी त्यांना सांगते, मी जवळ उभी आहे म्हणूनच खेळत नाही. मग मी दोन पावलं मागे सरकते, मग चार, मग पलीकडच्या कोर्टावर जाते. सांगायला सोपं आहे ते. दुसऱ्याच्या मुलापासून सरकायला काही लागत नाही.

थंडी पडली की येईन. दोन दिवस. पाहुणी म्हणून येईन आणि पाहुणीसारखी बसेन. वहिनींना सांग, ती रडली तर थोपवू नका, गप्प बसवू नका, नुसत्या शेजारी बसा. त्या ते करतच असतील, मी उगाच सांगते.

आणि दादा, एक काम तुलाच करायचं आहे, वहिनींवर ढकलू नकोस. ती दाराशी उभी राहून "आई" म्हणाली की एकमेकांकडे बघू नका. तिच्या शेजारी खाली बस आणि सांग, "आत्या थंडीत येणार आहे." तिच्या आईचा फोटो बाहेरच्या खोलीत लाव, तिच्या डोळ्यांसमोर येईल असा. ती आई. मी आत्या. रोज सांग, न चिडता सांग. पहिल्यांदा ती ऐकणार नाही. दहाव्यांदाही नाही ऐकणार. हे खरं तर मी गेल्या ऑगस्टमध्ये शाळेच्या फाटकाशी करायचं होतं, तेव्हा फक्त एक वाक्य लागलं असतं.

ती विचारेल, आत्या आत्ता का येत नाही. तिला सांग, आत्या दमली आहे. त्यात खोटं काही नाही. काल दुपारी शाळेतून आले ते बूट न काढता झोपले, संध्याकाळच्या तुकडीला उशीर झाला. भोंगा आता नारिंगी तुकडीत गेली, आपल्या पायानं गेली, बरोबर वेळेला. आवाज तेवढाच आहे. गोटीच्या जागी कपाटापाशी सध्या कुणी नाही.

उद्यापासून नवी लाल तुकडी आहे. अकरा पोरं आली आहेत. त्यातला एक आज नाव घालायला आला तो फाटकाला घट्ट धरून उभा होता, त्याची बोटं त्याच्या बापानं एकेक करून सोडवली. मी त्याला म्हटलं, राहू दे धरून, फाटक कुठे पळून जाणार आहे? उद्या बघू.

वहिनींना नमस्कार. मोज्याला टाका घाल.

तुझी बहीण,
गोटीची आत्या